भोपळ्या हत्तीच्या मनातलं

राजांच्या दारी हत्ती झुलत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका राजाकडे एक हत्ती होता. नाव भोपळ्या. राजकन्येच्या लग्नात नवरदेवाच्या स्वागतासाठी त्याला मानेपर्यंत जरीची झूल घालून, सजवून गावच्या वेशीत उभा केला, तर हा पठ्ठ्या सावली बघून तिथेच बसला. वेस एकच, तीही चिंचोळी. वरात बाहेर, नवरी आत आणि गोरज मुहूर्त तोंडावर आलेला.

राजा माहुतावर कडाडला, "मुहूर्ताआधी हा उठला नाही, तर भाले टोचून याला रानात हाकलीन. त्याच्या मागोमाग तूही चालता हो!"

माहुताच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने गुळाची ढेप आणली. "वीस वर्षं ओळखतो मी याला. गुळावर जीव आहे याचा." गुळावर जीव खरं तर माहुताचाच होता. हत्तीने ढेप खाल्ली आणि बसून राहिला.

मग प्रधानजी लाडवांचं ताट घेऊन आले. त्यांनी थेट हत्तीलाच विचारलं, "काय रे, लाडू आवडतो ना?"

माश्या हाकलायला हत्तीने कान हलवले.

"हो म्हणाला!" प्रधानजी आनंदाने ओरडले. ताट रिकामं झालं, हत्ती तसूभरही हलला नाही. मोठ्या माणसांची ही खोडच असते. प्रश्न आपण विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन टाकायचं.

गर्दीत माहुताची सासू दुपारपासून उभी होती. तिला राहवेना. ती पुढे येऊन म्हणाली, "जावईबापू, जो तो त्याला आपल्या आवडीचं चारतोय. त्याला निवडू कुणी दिलंय का?"

तिने हत्तीच्या डावीकडे ऊस ठेवला, उजवीकडे केळी. हत्तीने केळी उचलली.

"केळी! आणा गाडीभर!" प्रधानजी म्हणाले.

"दमा जरा." म्हातारीने जागा बदलल्या. आता हत्तीने ऊस उचलला. मग तिने डावीकडे केळी ठेवली, प्रधानजींची पगडी उतरवून उजवीकडे ठेवली. हत्तीने पगडी तोंडात घातली. वेशीबाहेर घोड्यावर बसलेला नवरदेवसुद्धा खो खो हसला.

"बघितलंत? डाव्या अंगाला भिंत आहे, सोंड तिकडे वळतच नाही. उजवीकडे ठेवाल ते हा उचलणार."

मग तिने दोन्ही वस्तू उजवीकडेच, हातभर अंतरावर ठेवल्या. केळी आणि ऊस, तर ऊस. गूळ आणि ऊस, तरीही ऊस. पुढे मात्र हत्तीने ऊसही नाकारला. पोटच भरलं होतं बिचाऱ्याचं! तेव्हा म्हातारीने उसाशेजारी नारळावरचं खरखरीत सोडण ठेवलं. हत्तीने ते झटकन उचललं आणि कानामागे खसाखसा घासायला लागला.

"अगं बाई! त्या जरीच्या झुलीने अंगाला खाज सुटलीय याच्या. काढा ती आधी!"

झूल निघाली. म्हातारीने हत्तीची मान सोडणाने चार वेळा घासली आणि ते पुढे धरून ती मागे मागे सरकू लागली. भोपळ्या उठला आणि मुकाट तिच्यामागे निघाला. वरात आत आली, मुहूर्त साधला. माहूत हत्तीच्या पायाला मिठी मारून रडला.

राजा खूश झाला. "आजी, हे सोन्याचं कडं घ्या."

"महाराज, कड्याशेजारी एक पाटही ठेवा."

पाट आला. म्हातारी कड्याकडे न बघता पाटावर बसली. "दुपारपासून उभी आहे हो मी!"

राजा कडं परत ठेवायला लागला, तशी ती म्हणाली, "आता बसले ना! आता पुन्हा विचारा."

राजाने पुन्हा विचारलं. या वेळी तिने कडं घेतलं. तेव्हापासून राजा कुणालाही काही देण्याआधी त्याच्यापुढे दोन वस्तू ठेवू लागला, आणि प्रधानजी हत्तीजवळ बोडक्या डोक्याने जाऊ लागले.

तात्पर्य: दुसऱ्याची आवड आपल्या मनाने ठरवू नये; त्याला निवडू द्यावं आणि पुन्हा पुन्हा विचारावं.