येसू माळीण आणि पारवाफुलं

एक होता राजा, त्याची होती एक राणी. पण आपली गोष्ट त्यांची नाही, बरं का. आपली गोष्ट त्यांच्या येसू माळणीची. पाय घे रे पांघरुणात!

तर राणीचं माहेर लांब, बर्फाच्या डोंगरात. तिथं दारोदार पारवाफुलं. खाली मान घातलेली, मागं पाच शेपट्या, जणू पाच पारवे दाणे टिपायला बसलेत. आणि वास? सगळं अंगण घमघमायचं! एकदा काय झालं, दरड कोसळली नि ते माहेरच नाहीसं झालं. राणीनं अंथरूण धरलं. दोन घासांवर आली बिचारी. वैद्य म्हणाले, "माहेरचा वास आला, तरच उठतील."

आईनं कधीतरी धाडलेली बियांची पुरचुंडी राणीच्या पेटीत होती. राजानं ती येसूला दिली. मग येसूनं काय केलं? भोपळ्याचं बी पुरतात तसं अर्धं बी खोल पुरलं, वर शेणखत घातलं. वर्ष गेलं, कोंब म्हणून नाही.

मग एक काळा भुंगा आला नि चक्क बोलला, "येसूबाई, डोंगरातलं बी ते! त्याला उजेड हवा, थंडी हवी."

मग येसूनं उरलेलं बी ऐन पौषात नुसतं मातीवर भुरभुरलं, तळहातानं दाबलं. आणि उगवलं की! पण वर्षभर पानंच पानं. राजा चिडला. भुंगा येसूला म्हणाला, "धीर धर. ती दुसऱ्या वर्षी फुलतात."

आणि पुढच्या वर्षी फुलं आली. निळी, जांभळी, टपोरी! येसूनं पहाटेच सगळ्यांत देखणी फुलं खुडली, परडी राणीकडं नेली. राणीनं हुंगलं, आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. वासच नव्हता!

अगं, येसूला कळणार कसं? जन्मभर तिनं देवासाठी फुलं काढली. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून एकाही फुलाला कधी नाक लावलं नव्हतं.

भुंगा म्हणाला, "सगळ्यांना वास नसतो. दुपारी ऊन तापलं, की एकेक हुंगून बघ."

"अगबाई! पाप लागेल ना!" येसू म्हणाली. मग तिला राणीचा वाळलेला हात आठवला. म्हणाली, "लागलं तर लागू दे."

भर दुपारी ती गुडघ्यांवर बसली. निळी हुंगली, वास नाही. जांभळी हुंगली, वास नाही. कोपऱ्यात फिकट पिवळ्या फुलांचं एक मरतुकडं रोप होतं. ती ते उपटणारच होती. त्याला नाक लावलं मात्र, असा घमघमाट आला, की येसू रडायलाच लागली. इतकी वर्षं फुलांत राहून आपण हे सुख घेतलंच नाही, म्हणाली.

मग मातीसकट ते रोप कुंडीत घालून धावत महालात! राणीनं डोळे मिटूनच वास घेतला. मग उठून बसली. "येसू," म्हणाली, "माझी आई आली गं." आणि येसूच्या गळ्यात पडली.

त्या दिवशी राणी पोटभर वरणभात जेवली. येसूनं त्याच रोपाचं बी धरलं, वेगळ्या वाफ्यात पेरलं. सगळी सुखानं नांदली. तुमचीही पोटं भरली आहेत ना? मग मिटा बघू डोळे.