थंड बांध आणि ऊन बांध

उंबरदऱ्याच्या तळ्याला एकामागे एक असे दोन बांध आहेत. पुढचा ढासळला आहे, त्याच्या सांध्यांतून गवत उगवते. मागच्याच्या सांध्यात मात्र खिळाही शिरत नाही. पाहुण्यांनी विचारले की गावातले म्हातारे शिदूतात्या सांगतात, "पुढचा थंड बांध, मागचा ऊन बांध. चुना लावणे म्हणजे फसवणे, हे दुसरीकडे कुठूनही निघालेले असो. आमच्यात ते इथून निघाले."

फार पूर्वी म्हणे गावाच्या बायका दोन कोसांवरून पाणी आणत. शेवटी सगळ्या गावाने राबून बांधासाठी दगड आणले. सांधे भरायला चुना दिला येसबा नावाच्या परगावच्या व्यापाऱ्याने. काम सुरू व्हायच्या दिवशी सगुणा लोणारीण पोत्यांपाशी आली. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या चुन्याच्या भट्ट्या. तिने एक खडा बोटांत चुरडला.

"ही चुनकळी मेलेली आहे. उघड्यावर पडून हवा खाल्लेली. बांध धरणार नाही."

येसबा हसला. "लोणारणीला स्वतःचा माल खपवायचाय, दुसरं काय? मी दिव्य करतो. खोटा असेन तर हात जळेल."

त्याने तळहात ओला केला आणि त्यावर खडा घेऊन मूठ मिटली. सारा गाव बघत राहिला. मूठ उघडली तर हाताला साधा चट्टाही नाही. लोकांनी त्याला मानाचा नारळ दिला. सगुणेला हसावे की रडावे कळेना.

"अरे, जळायला हवा होता हात. पाणी लागलं की खरी कळी उकळते."

"सगुणे, देवाच्या कौलापुढं शहाणपण नको," पाटील म्हणाले.

श्रावणात तळे भरले. दसऱ्याला तळ उघडा पडला. सांध्यांतला चुना पाण्याबरोबर वाहून गेला होता आणि येसबाचा पत्ता नव्हता. डोक्यावर पुन्हा घागरी घेताना एक बाई म्हणाली, "मेला चुना लावून गेला की." तेव्हापासून शब्द राहिला, असे सांगतात.

सगुणेने अकरा दिवस भट्टी धगधगत ठेवली. गावाने मागे नवा बांध रचायला घेतला, पण चुना भरायला कोणी पुढे होईना. एकदा पोळलेली माणसे. त्यांनी आता तिच्यावर तरी का विश्वास ठेवावा?

सगुणेने तळहात ओला केला, ताजी कळी घेतली आणि मूठ मिटली. बोटांच्या फटींतून वाफ निघाली. पाटलांनीच पुढे होऊन तिची मूठ सोडवली.

"भरा आता," ती म्हणाली. त्या हाताची बोटे पुन्हा कधी सरळ झाली नाहीत म्हणे.

आजही आठवडे बाजारात कोणी फार शपथा घेऊ लागला की गिऱ्हाईक त्याचा तळवा दाबून बघते आणि "थंड आहे रे," म्हणून पुढच्या पालाकडे वळते. हे सारे खरे का, असे कोणी विचारले तर शिदूतात्या शपथ घेत नाहीत. भर वैशाखात ते पाहुण्यांना ऊन बांधावर नेतात आणि ओंजळभर पाणी पाजतात.