शिवेवरचे तीन नगारे

एका राज्यात महिपाळ राजा होता. पूर्वेला गोमती राणीचे राज्य, पश्चिमेला खड्गसेन राजाचे. तिघांच्या आजोबांनी एकच राज्य तोडून त्याची तीन केली, तेव्हा म्हाताऱ्या राजमांत्रिकाने शाप दिला, "तुम्ही आपापले दुःख शेजाऱ्यावर ढकलाल. जोवर ढकलाल, तोवर तापीण मरणार नाही."

तापीण म्हणजे काळे धुके. ते अंगाला लागले की ताप चढे आणि माणूस झिजून मरे. प्रत्येक राजाने आपल्या शिवेवर एक मंतरलेला नगारा बसवला. तो वाजला की तापीण शेजारच्या राज्यात जाई आणि इकडचे आजारी उठून बसत. इकडे गूळ वाटत, तिकडे चिता पेटत. मग तिकडचा नगारा वाजे. असा हा खुळा पराक्रम तीन पिढ्या चालला, आणि भाट त्याची गाणीही गात होते!

महिपाळाची राणी त्याच तापाने गेली. मागे सुरंगी नावाची चिमुरडी लेक राहिली. राजाला तिच्यावाचून दुसरे कोणी नव्हते.

जिथे तिन्ही शिवा मिळत, त्या माळावर एक बोलती टिटवी राही. अशुभ म्हणून लोक तिला दगड मारत. महिपाळ तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"पक्षिणी, तापीण मरेल कशाने?"

"उपाशी ठेवल्याने," टिटवी म्हणाली. "तीन कामे कर. शेजाऱ्यांकडे अनवाणी, बिनशस्त्र जा. सभेत पहिला शब्द तू बोल. तिसरे काम वेळ येईल तेव्हा तुझे तुला कळेल."

राजा अनवाणी निघाला. गोमतीचे शिपाई हसले, खड्गसेनाच्या कुत्र्यांनी त्याचे धोतर फाडले. तरी दोघे माळावर आले. आता त्या मुलखाची रीत अशी, की सभेत जो आधी बोलेल तो याचक ठरे. म्हणून आजवरच्या सगळ्या सभा मुकाट बसून संपल्या होत्या. या वेळीही सूर्य डोक्यावर आला, तरी कोणी ओठ हलवेना.

शेवटी महिपाळ म्हणाला, "मी याचक. माझी विनंती ऐका. तापीण ज्याच्या राज्यात असेल, त्याने नगारा वाजवू नये. शिवा बंद कराव्या. बाकीच्या दोघांनी त्याला धान्य, औषध आणि वैद्य पुरवावेत. नवे माणूस मिळाले नाही की ती मरेल."

"आणि कोंडलेल्या राज्यातल्या आजाऱ्यांचे काय?" गोमतीने विचारले.

"वाचवता येतील तेवढे वाचवू."

खड्गसेनाने पाण्याची घागर मागवली. मग तिघांनी एकाच घागरीतले पाणी पिऊन शपथ घेतली.

त्या दिवशी तापीण महिपाळाच्याच राज्यात होती.

शिवा बंद झाल्या. गोमतीकडून धान्याच्या गाड्या आल्या, खड्गसेनाकडून वैद्य आले. लोक घराबाहेर पडेनात. तापीण गल्लीगल्लीतून भुकेली हिंडू लागली आणि एका सकाळी राजवाड्याच्या खिडकीतून आत शिरली. सुरंगीचे अंग तापले.

मंत्री धावत आला. "महाराज, एक टिपरी मारा. राजकन्या आत्ता उठून बसेल."

"आणि धुके कुठे जाईल?"



सुरंगी कण्हत म्हणाली, "आबा, नगारा वाजवा ना. मला फार भाजतंय."

राजाने तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. "नाही गं बाळे," तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना. तिने पुन्हा पुन्हा मागितले, त्याने पुन्हा पुन्हा नाही म्हटले. शेवटी ती मागायची थांबली.

ती गेली. तिच्यानंतर तापिणीला कोणी मिळाले नाही. काळे धुके विरत विरत अंगणात चिमूटभर राख होऊन पडले आणि शाप सुटला. तिन्ही नगारे आपोआप फाटले. शिवा उघडल्या, बाजार भरले, माळावर दरवर्षी सभा भरू लागली, आणि आधी कोण बोलतो याला कोणी मोजेना.

गोमती राणी महिपाळाला भेटायला अनवाणी आली. काय बोलावे तिला सुचेना. राज्यकर्ते भेटल्यावर विचारतात तेच तिने विचारले.

"महाराज, आपल्या राज्यात आता कोणी आजारी नाही ना?"

"नाही," महिपाळ म्हणाला. "आता कोणीच नाही."

तिन्ही राज्ये सुखी झाली, ऐकणाऱ्यांची घरेही सुखी राहोत. महिपाळाला सुखी म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही.