शेवटच्या सेलची गर्दी

मंदी आली तशी बार्शीतली मोठ्या कंपन्यांची शोरूम एकेक करून बंद पडू लागली. मेघना बारबोले जिथे मॅनेजर होती, त्या कपड्यांच्या शोरूमलाही टाळं लावायचा हुकूम मुंबईहून आला. वर्षभर माशा मारत बसलेल्या तिथल्या मुलींनी ‘दुकान बंद होत आहे, सर्व माल निम्म्या किमतीत’ असा फलक लावला, आणि दारात ही झुंबड उडाली!

नेमके तेव्हाच कंपनीचे केळशीकर साहेब येऊन पोचले. आत एक फेरी मारली आणि त्यांचा पारा चढला.

“गिऱ्हाईक नाही म्हणून रडत होतात ना? मग हे कोण आहेत? दुकान मंदीनं नाही, तुमच्या आळसानं बुडालं. तुम्हाला सोलापूरच्या शाखेत घ्यायचं ठरलं होतं, आता एकीलाही घेणार नाही!”

मुलींचे चेहरे उतरले. मेघना शांतपणे म्हणाली, “साहेब, तेराव्याला मोठी पंगत उठली, म्हणून आजारपणात कुणी विचारपूस केली होती असं होत नाही.”

“मला शिकवू नका. मी इथं कामासाठी आलोय!”

“हो ना,” साहेबांच्या बगलेतल्या निम्म्या किमतीच्या तीन शर्टांकडे बघत मेघना म्हणाली, “पण आलाच आहात तर जेवूनच निघालात की!”

रांगेत हशा पिकला. साहेबांनी शर्ट खाली ठेवले आणि मुलींना घ्या म्हणून सांगायला सोलापूरला फोन लावला.