पैठणीसाठी अडलेली गोधडी

सुया आणि गोधड्याही तोंड उघडून भांडायच्या, त्या काळातली ही गोष्ट. यमुनाकाकूंच्या ट्रंकेत एक गोधडी सात वर्षं अर्धवट पडून होती. कडेकडेनं शिवत आणलेली, फक्त मधे वीतभर जागा उघडी. तिच्यात टोचून ठेवलेली सुई आता गंजायला लागली होती.

दर थंडीत वृद्धाश्रमाची गाडी पांघरुणं न्यायला यायची आणि दर थंडीत गोधडी म्हणायची, "मधे पैठणीचाच तुकडा हवा. चार माणसांत जायचंय मला." भोळ्या काकूही मान डोलवायच्या.

यंदा मात्र सुई वैतागली. "अगं बाई, ती माणसं कुडकुडतायत तिकडे! तुझा नट्टापट्टा होईस्तोवर उन्हाळा येईल. गाडी दारात उभी आहे. धोतराचा तुकडा लावते, गप पडून राहा."

"धोतर? शी! आणि टाके वाकडे आले तर?"

"येऊ देत!" म्हणत सुईनं काकूंचं बोट धरलं आणि ती भराभर चालू लागली.

आश्रमात एका आजीनं गोधडी उलगडली. "कशी दिसतेय हो मी?" गोधडीनं लाजत विचारलं.

गोधडी डोक्यावरून ओढून, पाय पोटाशी घेऊन आजी केव्हाच झोपली होती.