अध्यक्षांच्या घरची पुरणपोळी

पिंपळवाडीच्या वाचनालयात संगणक एकच आणि तो सगळ्यांचा. पोरं त्यावर निकाल बघायची, पेन्शनर मंडळी नातवंडांचे फोटो. अध्यक्ष दादासाहेब टोणपे त्यावरूनच वाचनालयाची वेबसाइट चालवत आणि लॉगिन तसंच उघडं टाकून रुबाबात उठून जात.

"दादासाहेब, जाताना लॉगआऊट करत चला," ग्रंथपाल शरयूताई विनवत.

"टोणप्यांच्या नावाला हात लावायची गावात कुणाची छाती आहे?" असं म्हणत दादासाहेब मिशीला पीळ भरत.

एका रविवारी निम्मं गाव सहकुटुंब टोणप्यांच्या दारात येऊन उभं राहिलं. वेबसाइटवर झळकत होतं, 'आज अध्यक्षांच्या घरी सर्व वाचकांना पुरणपोळीचं जेवण.' दारी आलेल्याला उपाशी धाडणं टोणप्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. दिवसभर पोळ्या लाटता लाटता घरच्या बायका घामाघूम झाल्या.

संध्याकाळी दादासाहेब वाचनालयात येऊन कडाडले, "हे लिहिणाऱ्याचं नाव सांगा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

शरयूताईंनी शांतपणे स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "नाव इथंच आहे की. अध्यक्ष."

"अहो, मी नाही लिहिलं!"

"खरंय. पण तुम्ही लॉगिन उघडं टाकून उठलात, की पुढं जो या खुर्चीत बसतो तोच वाचनालयाचा अध्यक्ष. आता अध्यक्षांना जाब विचारणारी मी कोण?"

दादासाहेबांची मिशी खाली आली. तेव्हापासून ते खुर्चीतून उठताना आधी लॉगआऊट करतात आणि मग धोतर सावरतात.