पंखावरचा नाग

सह्याद्रीतल्या दमट, निबिड अरण्यातून एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह खालच्या गावी निघाला होता. शिष्याच्या जिवाला घोर लागला होता. त्याची गवताची गंजी कोणीतरी पेटवली होती आणि संशय सख्ख्या थोरल्या भावावर होता. दुपारी पंचांपुढे साक्ष द्यायची होती. साक्ष झाली की भावाला गाव सोडावे लागणार, हे उघड होते.

वाटेत दालचिनीची साल पाहायला वैद्य एका झाडाशी थांबला. तोच शिष्याचे लक्ष गेले. गुरूच्या खांद्यापाशी, पानांआडून नागाचे डोके डोकावत होते.

“गुरुजी, हलू नका!”

त्याने काठी उगारली. वैद्याने मान वळवून पाहिले आणि काठी खाली येत असतानाच आपला हात मध्ये घातला. तडाखा मनगटावर बसला. फांदी हादरली आणि पानांवरून एक भलामोठा तांबूस पतंग खाली पडून फडफडू लागला. दोन्ही पंख मिळून जवळजवळ वीतभर. नागाचे डोके म्हणजे त्या पंखाचे टोक होते; त्यावर डोळासुद्धा रेखलेला.

शिष्य काठी टाकून म्हणाला, “आपल्याला ठाऊक होतं, हा पतंग आहे?”

“नाही रे. मलाही नागच दिसला.”

“मग हात का घातलात? डसला असता तर?”

वैद्य सुजलेले मनगट चोळत म्हणाला, “डोकं दिसत होतं, पण जीभ हलत नव्हती. मनात शंका आली. शंका आल्यावरही पडू दिलेली काठी भयाची नसते, आपली असते. हा बिचारा तर डसणार कशाने? याला खायलासुद्धा तोंड नाही. भय दाखवणारं सोंग तेवढं अंगावर घेऊन जन्मलाय.” मग जरा थांबून त्याने विचारले, “गंजी पेटली त्या संध्याकाळी तू भावाचा चेहरा पाहिलास?”

शिष्याने पडलेली काठी उचलली.

“घोंगडी पाहिली,” तो म्हणाला. “त्याच्या घोंगडीसारखी.”

दोघे डोंगर उतरले.

चावडीवर माणसे दाटली होती. भाऊ खाली मान घालून उभा होता. पंचांनी विचारले, “गंजी यानंच पेटवली ना?”

“पाठमोरा माणूस पाहिला. चेहरा नाही.”

“मग पेटवली कोणी?”

“मला ठाऊक नाही,” शिष्य म्हणाला. कित्येक दिवसांत प्रथमच त्याचा आवाज कापत नव्हता.